गिरण्या गेल्या, आता खोरे तरी राखू या



लागण, खोडवा, बेणे, खतांचे हप्ते यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या खेपेचा विषय जरा वेगळा वाटेल. पण तो उसाच्या बांधाबाहेरचा नाही, असे आमचे मत आहे.

कृष्णाकाठचा माणूस मुंबईला निघाला की बहुधा दादरलाच उतरतो. दादर पश्चिमेला सेनाभवनासमोर आज काचेची उंच इमारत आहे. तिथे कोहिनूर मिल नंबर ३ होती. ती जागा २००५ साली ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. चैत्यभूमीजवळ इंदू मिल होती. तिच्या साडेबारा एकरांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाचे काम घेतले गेले, ही समाधानाची गोष्ट. पण परळ-लालबागकडे सरकावे तर एकेका गिरणीच्या जागी टॉवर नाहीतर मॉल. इथे भोंगा व्हायचा आणि रस्ता माणसांनी भरून जायचा, हे नव्या पोराला सांगूनही खरे वाटणार नाही.

कोणी म्हणेल, "मुंबईच्या गिरण्यांचं आपल्याला काय?" आमचे म्हणणे असे की त्या गिरण्या आपल्या खोऱ्यानेच चालवल्या.

एक तर माणसांनी. कोकणाच्या बरोबरीने सातारा, सांगली, कोल्हापूरकडचा माणूस साचेखात्यात उभा राहिला. गावच्या खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि उरलेले पैसे गावी मनिऑर्डरने धाडायचे. त्या पैशांतून आपल्याकडे किती विहिरी खोदल्या गेल्या, किती इंजिने बसली, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. पण ज्याच्या विहिरीवर ऊस उभा राहिला, त्याला तो ठाऊक आहे.

दुसरे, पाण्याने. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला इंद्रायणीच्या खोऱ्यात पाणी अडवले, ते घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ पासून तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे मुळशीला मुळा आणि निळा या नद्या अडवल्या. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला. धरण थांबले नाही, गावे पाण्यात गेली. इंद्रायणी काय नि मुळा काय, दोन्हींचे पाणी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. १९६२ पासून कोयनेची वीज सुरू झाली, तीही मुंबईकडे गेली. म्हणजे दादर-परळचा साचा आपल्याच खोऱ्याच्या पाण्यावर फिरला. तो वारसा मुंबईइतकाच आपलाही आहे.

त्याचे झाले काय? १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांखालची जमीन होती सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जागेची राहिली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली. प्रकरण कोर्टात गेले, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम ठेवला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे महापालिकेने हाती घेतले खरे, पण तोवर बहुतेक गिरण्यांतले साचे भंगारात निघून गेले होते. पीक वाळल्यावर पाट सोडला तर उपयोग काय?

उलट उदाहरणही आहे. इंग्लंडात डरवेंट नावाच्या नदीच्या खोऱ्यात क्रॉमफर्ड गावी रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली. गिरणी कारखानदारीचे मूळ ते. पुढे त्या इमारतीत रंगाचा कारखाना झाला आणि जागेची पार दुर्दशा झाली. १९७९ साली एका लोकसंस्थेने ती विकत घेऊन साफ केली. २००१ मध्ये त्या खोऱ्याचा सुमारे २४ किलोमीटरचा पट्टा युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. एक इमारत नव्हे, तर नदी, गिरण्या, कामगारांची घरे असे सगळे मिळून. सुरुवात लोकांनी केली, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या खोऱ्यात काय कमी आहे? कराडजवळ खोडशीचा बंधारा आहे. त्यावरचा कृष्णा कालवा दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला. लोखंडी नांगर तिथूनच घरोघर गेला. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एके काळी घराघरात होता. तो काचकारखाना मात्र बंद पडला. याशिवाय मोटेच्या विहिरी, त्यांच्या धावा आणि थारोळी, गुऱ्हाळघरे, चरक, काहिली, नदीचे दगडी घाट. यातले पुष्कळ आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. विहीर बुजवून गुंठाभर ऊस वाढतो, धावेचे दगड घराच्या पायात जातात.

जमिनीचेही तेच. आम्ही शिवारात फिरतो तेव्हा दिसते की ओढे नांगरून सरी आत गेली आहे, नदीकाठची झाडे तोडून ऊस थेट दरडीपर्यंत नेला आहे. पावसात दरड ढासळते. ओढा बुजल्यावर निचरा थांबतो आणि काळी जमीन चोपण होऊ लागते. जुन्या माणसांनी ओढ्याला वाट ठेवली ती काही हौसेने नव्हे. तेव्हा खोऱ्याचे रूप राखणे म्हणजे नुसती शोभा नाही, एकरी टनेज राखणे आहे. कारखान्यांनीही सांडपाणी नदीत जाऊ न देण्याची शिस्त पाळलीच पाहिजे. त्याशिवाय सभासदाला उपदेश करण्याचा अधिकार आम्हां मंडळींना राहत नाही.

"आधी ऊसदर द्या, मग जुनी लोखंडं जपा," असे काही सभासद म्हणतील. दर हा तुमचा हक्क आहे; त्यातला एक पैसा या कामाला वळवावा असे आम्ही म्हणत नाही. पण जुन्या मिलचा रोलर भंगारात विकला तर पैसे एकदाच येतात, आणि वर्षाच्या ताळेबंदात ते कुठे गेले ते दिसतही नाही. तोच रोलर गेटजवळ ओट्यावर ठेवला, तर सभासदाचा नातू विचारील, "हे काय आहे?" आणि आजोबाला सांगायला काही राहील.

मुंबईत जमीन मालकांची आणि महामंडळाची होती, कामगाराला कोणी विचारले नाही. इथे मालक तुम्ही आहात. म्हणून आमच्या सूचना अशा:

१. कार्यक्षेत्रातल्या मोटेच्या विहिरी, गुऱ्हाळे, घाट, बंधारे यांची गावनिहाय नोंदवही गट कार्यालयात ठेवावी.

२. विस्तारवाढीत निघणाऱ्या जुन्या यंत्रातले निवडक भाग लिलावात काढू नयेत. तसा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत व्हावा.

३. मुंबईच्या गिरणीतून परत आलेले, पहिल्या हंगामाला ऊस घातलेले जे वडीलधारे आज आहेत, त्यांचे बोलणे लिहून घ्यावे. हे काम सर्वांत आधी. वय थांबत नाही.

४. ओढ्याला आणि नदीच्या दरडीला नांगर लावू नये; काठाला झाडे ठेवावीत.

पहिल्या कामाला पैसे लागत नाहीत. आपल्या शिवारातल्या जुन्या विहिरीची किंवा गुऱ्हाळाची माहिती साध्या कागदावर लिहून चिटबॉयकडे द्यावी. आम्ही ती नोंदवहीत चढवू. मोडके असले तरी चालेल, पण पाडण्याआधी एकदा कळवा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी