पिंजऱ्याबाहेरच्या माणसाचे काय?

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली लागोपाठ आदेश दिले. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सर्व कुत्री निवाऱ्यात टाका म्हटले, २२ ऑगस्टला त्यात बदल केला आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके येथील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. वाहिन्यांवर श्वानप्रेमी व श्वानविरोधक तासन् तास भांडले. ही कुत्री उचलणार कोण, सांभाळणार कोण, हे मात्र कोणी विचारले नाही. उत्तर सर्वांना ठाऊकच आहे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे परमपूज्य बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला बजावले. आज जनावरांच्या मरणाचे काम कंत्राटाच्या नावाने पुन्हा आपल्याच वस्तीत येते.

एका पालिकेच्या निवाऱ्यातील तरुण थकलेल्या पगारासाठी आमच्याकडे आला. पगाराचे बोलून झाले तरी उठेना. मग म्हणाला, "वकीलसाहेब, पिसाळलेलं कुत्रं पिंजऱ्यात आठ-दहा दिवसांत मरतं. पाणी आम्हीच ठेवतो, त्याला ते पिता येत नाही. घरी गेल्यावर घास उतरत नाही." दारूचे त्याने सांगितले नाही, ते आम्हाला दिसत होते.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आम्ही वाचून काढले. असाध्य आजारी कुत्र्याला पशुवैद्याने इंजेक्शन देऊन मरण द्यावे, पण दुसऱ्या कुत्र्यासमोर देऊ नये, असे त्यात आहे. कुत्र्याच्या मनाचा विचार झाला याबद्दल आमची तक्रार नाही, तथागतांच्या अनुयायांना ते आनंदाचेच आहे. परंतु त्या कुत्र्याला धरून ठेवणाऱ्या माणसाच्या मनाचे काय? सकाळी ज्याला भाकर घातली त्यालाच दुपारी धरायचे. करुणा करणाराही थकतो. वरून श्वानप्रेमी त्याला कसाई म्हणतात आणि कुत्रे परत सोडले की मोहल्ल्यातले लोक दगड घेऊन धावतात.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे. किती निवाऱ्यांच्या भिंतीवर तो लिहिलेला आहे? अर्थात, चार महिने पगार नसलेल्या माणसाला फोनवर धीर देऊन भागत नाही. पालिकेच्या निविदेत दर ठरतो तो कुत्र्यामागे. माणसाच्या नावाने एक ओळ नसते. ती ओळ घालावी लागेल. मारण्याच्या कामावर रोज तोच माणूस नको, त्या दिवसानंतर भरपगारी सुटी हवी, रेबीजची लस कामावर घेण्याआधी हवी आणि महिन्यातून एकदा समुपदेशक निवाऱ्यात यावा. समुपदेशकाशी बोलताना मुकादम बाहेर असावा, हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत.

त्या तरुणाच्या थकबाकीचा अर्ज आम्ही दाखल केला आहे. नव्या निविदा निघण्याआधी कार्यकर्त्यांनी आपापल्या पालिका आयुक्तांना या मागण्यांचे निवेदन द्यावे, आणि त्याची पोच घ्यावी.