फोन कुणाच्या खिशात?

मैत्रिणींनो, २०२० साली शाळा बंद असताना पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘स्वाध्याय’ सुरू केला, आठवतं? व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्न यायचे, चुकलेलं समजून घ्यायला व्हिडिओही. कल्पना छानच! चूक तिथल्या तिथे कळते, चारचौघांत ओशाळावं लागत नाही. पण कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो सकाळीच बाबांबरोबर कामावर. रात्री हाती येईपर्यंत मूल पेंगलेलं. मग कमी पडलेले गुण कुणाचे, मुलाचे की फोनचे? ऑनलाइन चाचणी जरूर घ्या; पण गुण धरायचे असतील तर ती वर्गात, शाळेच्याच संगणकावर घ्या. पालकसभेत हे आपणच बोलायला हवं. बाबा तिथे येतात कुठे!