राजाजींचें स्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा

परवान्याच्या एका कागदावर ज्या व्यापाऱ्याचें नशीब टांगलें आहे, त्याच्या मताला स्वतंत्र कोण म्हणेल? चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं ऐंशी वर्षें उलटल्यावर, १९५९ सालीं, स्वतंत्र पक्ष उभारून हाच प्रश्न देशापुढें मांडिला. सरकारनें रक्षण करावें, न्याय द्यावा. प्रत्येक धंद्याचें पालकत्व पत्करूं नये, असा त्यांचा कटाक्ष होता. हें केवळ वाक्पांडित्य नव्हतें. १९५२ सालीं मद्रासचे मुख्यमंत्री असतांना त्यांनीं धान्यावरील नियंत्रण उठविलें होतें. पुढें १९९१ सालीं बहुतेक उद्योगांवरील परवान्याची सक्ती दिल्लीच्या सरकारनेंच काढून टाकिली.

परंतु याच राजाजींनीं १९३७ सालीं सेलम जिल्ह्यांत दारूबंदी केली, व १९३८ सालीं मद्रासच्या शाळांत हिंदी सक्तीची करून तिच्या विरोधकांना तुरुंगांत धाडिलें. दुकानदाराला जें स्वातंत्र्य हवें, तें विद्यार्थ्याला व निदर्शकाला नको काय?

व्यापारी बंधूंनो, परवाना गेला म्हणजे स्वातंत्र्य आलें, असें समजूं नका. शेजाऱ्याच्या तोंडावर सरकारनें हात ठेविला असतां जो केवळ आपल्या गल्ल्याकडे पाहतो, त्याच्या गल्ल्यावर तोच हात पडावयास विलंब लागत नाहीं.