चांदीला चांदी म्हणा, जर्मन सिल्व्हरला जर्मन सिल्व्हर

मैत्रिणींनो, लग्नसराई आली की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर ताट-वाट्यांचे फोटो फिरू लागतात. आहेर असो, डोहाळजेवण असो, बारसे असो की व्रताचे उद्यापन, आता सर्रास जर्मन सिल्व्हर दिले जाते. देण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती देताना आपण जे बोलतो त्याला. "चांदीचं ताट दिलं हो!" हे वाक्य ऐकले की मला राहवत नाही.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. कमी असते असे नव्हे, गुंजभरही नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. तांबे आणि जस्त मिळून पितळ होते. त्यात पुरेसे निकेल घातले की पिवळेपणा जाऊन पांढरी चमक येते. म्हणजे नात्याने तो पितळेचा भाऊ, चांदीचा कोणीच नाही. चीनमध्ये असा धातू पूर्वीपासून बनत असे. 1820 च्या दशकात तो जर्मनीत तयार होऊ लागला आणि नावात 'जर्मन' आले. काही भांड्यांवर वरून चांदीचा मुलामा असतो, पण तो इतका पातळ की रोजच्या घासण्यात निघून जातो.

खात्री करायची असेल तर पर्समधून वीस रुपयांचे नाणे काढा. त्याची बाहेरची पांढरी कडी याच जातीच्या धातूची आहे: 65 टक्के तांबे, 15 टक्के जस्त, 20 टक्के निकेल. त्याला कोणी चांदीचे नाणे म्हणते का? मग त्याच धातूचे ताट झाले की ते चांदीचे कसे होते?

कोणी म्हणेल, रुपयातली चांदीही गेलीच की! खरे आहे. आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये तो निकेलचा झाला, पुढे तांबे-निकेलचा आणि 1992 पासून स्टेनलेस स्टीलचा. तरी रुपया चालतो, कारण किंमत त्यावर छापलेली असते आणि सरकार तिला बांधील असते. ताटाच्या मागे असे कोणी उभे नसते. ताटाची किंमत त्यातल्या धातूचीच.

"सगळ्यांना माहीत असतं, त्यात काय एवढं?" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. सगळ्यांना माहीत नसते. नवी सून ते ताट चांदी समजून कपाटात जपते. अडीनडीला सराफाकडे नेते आणि तो नुसते हातात घेऊन परत करतो. मान तिची खाली जाते. देणारी मात्र कौतुक घेऊन केव्हाच मोकळी झालेली असते. उद्यापनात दिलेला कलश मंदिराच्या वहीत 'चांदीचा' म्हणून लिहिला जातो, आणि ती खोटी नोंद पुढचे विश्वस्त खरी मानतात.

शिवाय, चांदी समजून त्याच वाटीत बाळाला उष्टावणाचे भरवतात. दही, लिंबू, ताक अशा आंबट पदार्थांनी त्यातले तांबे आणि निकेल अन्नात उतरू शकते. निकेलने काहींच्या अंगावर पुरळही येते. शोभेच्या वस्तूला शोभेचीच राहू द्या.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' येतो. अस्सलाच्या नावाखाली तसाच दिसणारा हलका माल खपवणे, हा त्याचा अर्थ. तो फक्त दुकानदारांसाठी सांगितला आहे, असे समजून आपण सुटू शकत नाही. आहेराच्या यादीत लिहून देणारा हात आपलाच असतो.

"मग ऐपत नसलेल्याने काय द्यावे?" स्टीलचा डबा द्यावा, पितळेचे पातेले द्यावे, तांब्याचा तांब्या द्यावा. ते रोज वापरात येतात आणि कशाचे सोंग घेत नाहीत. चांदीच द्यायची हौस असेल तर लहानसा चमचा द्या, पण हॉलमार्क पाहून आणि पावती घेऊन. 925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी. लोहचुंबकावर विसंबू नका. चांदी त्याला चिकटत नाही, तसे जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. वजन मात्र फरक सांगते: त्याच आकारमानाची चांदी साधारण पाचव्या हिश्श्याने जड भरते.

आणि जर्मन सिल्व्हरच द्यायचे असेल तर खुशाल द्या. फक्त आहेर लिहिणाऱ्याला मोठ्याने सांगा, "जर्मन सिल्व्हरचं ताट." घेणारीला काय मिळाले हे तिला कळले पाहिजे.

जय जिनेंद्र.