शेवटची सायकल

हिंजवडीचा शिवाजी चौक मोकळा पाहायचा असेल तर रविवारी पहाटे साडेपाचला जावे. एरवी जिथे गाडीतल्या माणसाचे अर्धे आयुष्य ब्रेकवर पाय ठेवून जाते, तिथे त्या वेळी एखादे कुत्रे रस्त्याच्या मधोमध अंग ताणून झोपलेले असते. गेले तीन महिने आमच्या भागातला सायकल क्लब या चौकात जमतो आहे. आषाढीच्या आधी मंडळींना सायकलवरून पंढरपूर गाठायचे आहे. माझी सून त्यांच्यात आहे. सुरुवातीला मी नुसता कौतुक पाहायला गेलो. मग लाज वाटून सायकल घेतली. आता मुले विचारतात, ‘काका, येणार ना पंढरपूरला?’ मी ‘बघू’ म्हणतो. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या ‘बघू’चा अर्थ कर्ज मागणाऱ्यांना बरोबर कळतो, या मुलांना अजून कळलेला नाही.

सायकलवारी आता नवलाईची राहिलेली नाही. नाशिकच्या सायकलस्वारांनी ती सुरू केली त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. पिंपरी-चिंचवडमधूनही सायकली पंढरपूरला जातात. पण हिंजवडीतून निघणाऱ्या वारीचे मला विशेष वाटते. तीसएक वर्षांपूर्वी इथे शेते होती. मग राजीव गांधी इन्फोटेक पार्क आला, काचेच्या इमारती आल्या आणि देशभरातली माणसे आली. म्हातोबा मात्र जागच्या जागी आहे आणि चैत्रात त्याचे बगाड अजून निघते. नव्या वस्तीतल्या माणसांचे शेजाऱ्याशी बोलणे लिफ्टपुरते. अशी माणसे पहाटे उठून एकत्र येतात, एकमेकांच्या सायकलींत हवा भरतात, हीच माझ्या मते निम्मी वारी.

तयारी रीतसर चालते. पहिल्या महिन्यात वीस-तीस किलोमीटर, मग कासारसाई धरण, मग पवना, मग मुळशी. तहान लागण्याआधी पाणी प्यायचे, भूक लागण्याआधी खायचे. राजगिऱ्याचा लाडू, केळे, मीठ-साखरेचे पाणी. पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि ओरडायचे. ते ओरडणे मागेमागे शेवटच्या सायकलपर्यंत पोचले पाहिजे. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवले तर वाऱ्याचा भार बराच हलका होतो, म्हणून पुढे राहण्याची पाळी सर्वांनी वाटून घ्यायची. ट्यूब प्रत्येकाला बदलता आली पाहिजे. साठीतल्या माणसाला नवे शिकताना जो आनंद होतो तो मला ट्यूब बदलताना झाला.

पण मला सांगायची आहे ती मुळशीच्या रविवारची गोष्ट.

आमच्यात एक काकू आहेत. वय पंचावन्नच्या पुढे, पोळीभाजीचे केंद्र चालवतात. कष्टाची सवय आहे, पण वेग नाही. त्या दिवशी माण सोडल्यावर तरुण मंडळी जी सुटली ती पौडलाच थांबली. मी रडतखडत मागून पोचलो तेव्हा मिसळीची दुसरी फेरी चालू होती. काकू कुठे आहेत, कोणालाच माहीत नव्हते. मला तरी कुठे माहीत होते? पुढचे दिसेनासे होऊ नयेत म्हणून मीही मागे वळून पाहिले नव्हते. फोन लागेना. सून परत फिरली. नऊच्या सुमाराला दोघी आल्या. घोटावड्याच्या अलीकडे काकूंची सायकल पंक्चर झाली होती. ट्यूब जवळ होती, पण चाक निघेना. रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला एक वॉचमन थांबला. त्याने स्वतःच्या पान्याने चाक सोडवले, ट्यूब घालून दिली, आणि सून भेटेपर्यंत काकूंच्या बरोबरीने सायकल चालवत राहिला. बारा तास उभा राहिलेला माणूस! त्याच्या सायकलला ना दिवा, ना डोक्याला हेल्मेट. आमच्याकडे दोन्ही होते. मागे वळून पाहायची बुद्धी तेवढी नव्हती.

संध्याकाळी बैठक झाली. एक प्रस्ताव आला, की ताशी वीसचा वेग ज्यांना राखता येत नाही त्यांनी पंढरपूरला सामानाच्या टेम्पोतून यावे. प्रस्ताव मांडणारा मुलगा दुष्ट नव्हे, हिशेबी आहे. त्याचे गणित मी मनातल्या मनात तपासले. पहिला मुक्काम भिगवणला, हिंजवडीपासून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. ताशी वीसने सव्वासहा तास, ताशी पंधराने आठ तास वीस मिनिटे. वर विश्रांती. पहाटे साडेचारला निघालो तरी ही दोन तासांची तफावत नेमकी दुपारच्या उन्हात येते. सोलापूर रस्त्यावर ट्रकांची रीघ. ताफा जितका लांब तितका धोका अधिक. मुलाचे गणित बरोबर होते.

उत्तर मात्र चुकले होते, असे माझे मत आहे.

ज्याला स्वतःची परीक्षा घ्यायची आहे त्याच्यासाठी वेगळे मैदान आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, अशा ब्रेवे नावाच्या फेऱ्या आपल्याकडेही होतात. तिथे घड्याळ सर्वांना सारखे आणि ठरलेल्या नाक्यांखेरीज बाहेरची मदत घ्यायची नाही. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करणारी शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आपल्याला अभिमान वाटावा असेच ते काम. पण शर्यत म्हणजे शर्यत आणि वारी म्हणजे वारी. नाव एकीचे घ्यायचे आणि नियम दुसरीचे लावायचे, हे बरे नव्हे.

वारीची शिस्त आपल्याला नवी नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी जी घडी घालून दिली, ती आजही टिकून आहे. दिंड्यांचे क्रम ठरलेले, रथाच्या पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेले. मुक्कामाला समाजआरती असते. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात. वाटेत कोणाचे काय हरवले, काय सापडले, तेही तिथेच पुकारले जाते. एवढा मोठा समुदाय, पण दिवस संपताना विचारणा होते ती मागे राहिलेल्याची आणि दुखावलेल्याची. व्यवस्थापनाचे धडे घ्यायला परदेशी जाणाऱ्या आमच्या हिंजवडीकरांनी हे एकदा पाहून यावे.

आमच्या बँकेतही हीच रीत होती. दिवसअखेर हिशेब जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. फरक नऊने भागला गेला की आम्ही ओळखायचो, कोणीतरी त्रेसष्टचे छत्तीस केले आहेत. चूक बहुधा नव्या पोराची असे. पण त्याला एकट्याला खातेवह्यांपुढे बसवून शाखा बंद केल्याचे मला आठवत नाही. सगळे बसत, चहा येई, चूक सापडे. दुसऱ्या दिवशी त्याच पोराला कोणीतरी आकडे मांडायची पद्धत शिकवी. नंतर संगणक आले आणि हिशेब आपोआप जुळू लागला. सोय झाली, पण एकमेकांसाठी थांबण्याचे एक निमित्त गेले.

म्हणून हळू चालणाऱ्याला सगळेच माफ, असे मी म्हणत नाही. त्यालाही कर्तव्य आहे. सरावाच्या रविवारी अंथरुणात लोळायचे आणि वारीच्या दिवशी सर्वांना ताटकळत ठेवायचे, हा दुसऱ्याच्या भलेपणावर काढलेला ओव्हरड्राफ्ट झाला. काकूंचा एकही रविवार चुकलेला नव्हता. ज्याने आपल्याकडून कसर ठेवलेली नाही, त्याच्यासाठी थांबणे हे उपकार नव्हेत, ते देणे आहे. दुपारचे ऊन टाळायचे असेल तर तासभर लवकर निघा, भिगवणऐवजी अलीकडे मुक्काम करा. गणितात बदलण्यासारख्या बाजू पुष्कळ असतात. माणूस वजा करणे ही त्यांतली सर्वांत सोपी, म्हणून ती सर्वांत आधी सुचते.

बैठकीत मी हे इतके लांबण लावून बोललो नाही. मी एवढेच म्हणालो, की रेल्वेत गार्डने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आपल्यालाही गार्ड हवा. थोडी हुज्जत झाली. शेवटी ठरले ते असे. हळू चालवणारे पुढाऱ्याच्या लगेच मागे राहतील, म्हणजे वेग त्यांच्याकडे पाहून ठरेल. आणि सर्वांत दमदार असेल तो सर्वांत शेवटी, पंप आणि पाने घेऊन. त्या पहिल्या रविवारी गार्ड झाला तो ताशी वीसवालाच. परत आल्यावर म्हणाला, ‘काका, शेवटी राहणं पुढे राहण्यापेक्षा अवघड आहे.’ मला मुळशीपर्यंत केलेल्या पायपिटीचे, म्हणजे चाकपिटीचे, सार्थक झाले.

एक हिशेब मात्र अजून जुळायचा आहे. तो वॉचमन. आमची वारी वर्षातून एकदा, त्याची रोज, अंधारात, आमच्याच मोटारींच्या धक्क्यातून अंग चोरत. पूर्वी आकुर्डी-पिंपरीच्या कारखान्यांची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्ता व्यापून टाकी आणि इतरांना थांबावे लागे. आता त्याच माणसाच्या वाट्याला रस्त्याची कड आली आहे, आणि तीही पावसाळ्यात खचलेली. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकलींचा आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. हिंजवडीत मेट्रोचे खांब उभे राहिले. त्यांच्या सावलीत सायकलला हातभर सुरक्षित जागा मागणे फार नाही. ती आम्ही मागितली पाहिजे, कारण आमचा आवाज पोचतो, त्याचा पोचत नाही.

तोवर निदान एवढे. क्लबच्या वर्गणीतून मागचे लाल दिवे घ्यावेत आणि पाळी सुटण्याच्या वेळी चौकात उभे राहून ज्याच्या सायकलला दिवा नाही त्याला बसवून द्यावेत, असे मी सुचवले आहे. कार्यकारिणीचे उत्तर आले आहे, ‘बघू.’

या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे. तेव्हा येत्या रविवारी मी पुन्हा विचारणार आहे.