प्रत आहे, पण परत मिळेल का?

दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअर हल्ल्यात बंद पडले. बाह्यरुग्ण नोंदणी आणि प्रयोगशाळेचे अहवाल पुन्हा कागदावर आले. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचे सरकारने नंतर संसदेत सांगितले. ‘ई-हॉस्पिटल’ची माहिती मात्र परत मिळाली, कारण बॅकअपचा एक सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता. तरीही बहुतेक कामकाज पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले.

गावोगावची छोटी रुग्णालये आणि प्रयोगशाळाही आता संगणकावर आहेत. तिथे बॅकअपसाठी बहुधा नेटवर्कला जोडलेली एक पेटी असते. तिला ‘नॅस’ म्हणतात. आत दोन-चार हार्ड डिस्क असतात आणि रोज रात्री माहितीची प्रत आपोआप तयार होते. सोय चांगली आहे. पण तिच्याविषयी दोन गैरसमज आहेत.

पहिला, दोन डिस्क म्हणजे दोन प्रती. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामास येते, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. दुसरा, पेटी वेगळी म्हणून सुरक्षित. नोंदणी कक्षातील संगणकावर ती उघड्या फोल्डरसारखी दिसत असेल, तर त्या संगणकात शिरलेले रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोहोचते.

यात पणाला लागते ती रुग्णाची प्रकृती. क्रिएटिनिन ३ आले, तर डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, ‘आधी किती होते?’ वर्षभर २.८ असेल तर आजार जुना. महिन्यापूर्वी १ असेल तर ती तातडीची वेळ. पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद हरवणे तर जिवावर बेतू शकते. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे, हे वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीतच आहे.

उपाय अवघड नाहीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम पाळावा. किमान एक प्रत काम झाल्यावर नेटवर्कपासून तोडून ठेवावी. बाहेर नेलेल्या प्रतीला पासवर्डचे कुलूप हवेच. ती रुग्णांची खासगी माहिती आहे. बॅकअपचे खाते रोजच्या खात्याहून वेगळे असावे. आणि महिन्यातून एकदा एखादी जुनी नोंद दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहावी.

हे शेवटचे कामच सहसा राहून जाते. पेटीच्या खरेदीला मंजुरी मिळते, पण ती तपासण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते. ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर भरलेला आहे का, हे रोज पाहणारा माणूस ठरलेला असतो. रुग्णांच्या नोंदींसाठीही तसा एक माणूस प्रत्येक रुग्णालयाने नेमायला हवा.