पाटीशूरांनो, मेंदूला काय दिलेत?

मुंबईच्या पैशाला लाज उरली आहे काय? देशात साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांमागे सातांहून अधिक, म्हणजे सुमारे 88 लाख जीव स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहेत. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागलाय. शेजारी म्हणतात, साठी बुद्धी नाठी. आणि डॉक्टरकडे जावे, तर हा रोग मागे फिरवील असे औषध त्याच्याकडेही नाही! ते शोधायला वर्षे लागतात, माणसे लागतात, पैसा लागतो. त्या पैशाचे नाव काढले की आमच्या शेठजींचा हात खिशातच आखडतो.

दानधर्म ते करत नाहीत असे कोण म्हणेल? दारावर संगमरवरी पाटी बसणार असेल, मंत्रिमहोदय फीत कापणार असतील, रुग्णवाहिकेच्या दोन्ही अंगांवर तीर्थरूपांची नावे रंगवता येणार असतील, तर थैल्यांची तोंडे आपोआप सुटतात. संशोधनाला पाटी कुठे ठोकणार? मज्जापेशीवर? बारा वर्षे खपून ‘हा रस्ता चुकीचा होता’ एवढेच सिद्ध झाले, तर फीत कशाची कापणार? म्हणून मेंदूच्या हाती वाटाण्याच्या अक्षता.

याच मुंबईतल्या लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती दोराबजी टाटांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने न्यास काढला, तो त्याच रोगाच्या संशोधनासाठी! आजच्या धनिकांच्या बंगल्यांत पोटच्या पोरालाही न ओळखणाऱ्या आया नाहीत काय? आहेत. पण दोन आळीपाळीच्या नर्सबाई ठेवल्या की चिरंजीव कर्तव्यमुक्त!

2014 साली मेंदूसाठी 225 कोटी देण्याची बुद्धी झाली ती बंगळूरचे उद्योगपती क्रिस गोपालकृष्णन यांना. त्यातून तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत मेंदू संशोधन केंद्र उभे राहिले. टाटा ट्रस्ट्सनीही त्याच संस्थेला अल्झायमरच्या संशोधनासाठी 75 कोटी दिले. अपवाद पुन्हा टाटांचाच. त्या केंद्राची माणसे कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत जातात. पंचेचाळिशी उलटलेल्या दहा हजार स्मृतिभ्रंश नसलेल्या गावकऱ्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवायची, असा हा खटाटोप. कारण विसरभोळेपणा दिसू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी रोगाने मेंदूत बस्तान मांडलेले असते. शेतकरी बाया-पुरुष शेतातली कामे टाकून स्मरणशक्तीच्या चाचण्यांना बसतात, रक्त देतात, मेंदूच्या तपासणीसाठी यंत्रात आडवे होतात. त्यांना यातून आज काय मिळते? औषध तर नाहीच. निघालेच तर नातवंडांच्या कामी येईल. आणि बंगळूरच्याच निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेच्या मेंदूपेढीसाठी, जी 1995 पासून चालू आहे, मृताचे नातलग चिता पेटण्याआधी मेंदूदानाच्या संमतिपत्रावर सही करतात. दानशूर म्हणायचे ते यांना! शेठजी, तुमच्याकडे तर फक्त धनादेशावरची सही मागितली आहे.

कंपन्यांची तऱ्हा न्यारीच. नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करा, असे कायदा सांगतो. पाच सरकारी तेल कंपन्यांनी त्या पैशातून 146.83 कोटी कुठे ओतले? सरदार पटेलांच्या पुतळ्यात! महालेखापरीक्षकांनी 2018 साली त्यावर बोट ठेवले. संशोधन कायद्यात बसत नाही ही पळवाटही आता बुजली आहे. 2019 पासून आयआयटी, सरकारी विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा यांना हा पैसा खुशाल देता येतो.

आणि दिल्लीश्वर? त्यांनी 2023 साली संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अनुसंधान प्रतिष्ठानाचा कायदा केला, पाच वर्षांत 50,000 कोटींचे नगारे वाजवले आणि त्यातले सुमारे 36,000 कोटी सरकारबाहेरून येतील असे सांगून मोकळे झाले. कोण देणार ते? संशोधनाच्या देणगीवर पूर्वी प्राप्तिकरात 175 टक्के वजावट मिळे. याच सरकारने ती आधी 150 आणि 2020 पासून 100 टक्क्यांवर आणली. दात्याची सवलत स्वतःच कापायची आणि मग दात्यांच्याच नावाने झोळी पसरायची, याला धोरण म्हणत नाहीत, निर्लज्जपणा म्हणतात.

ती वजावट येत्या अर्थसंकल्पात पूर्ववत करा. आणि मुंबईच्या कंपन्यांनो, न्यासांनो, तुमच्या पुढच्या वार्षिक अहवालात गुळगुळीत कागदावर अध्यक्षांच्या छबीशेजारी एक ओळ छापा: मेंदूच्या संशोधनाला यंदा दिलेली रक्कम. शून्य असेल तर शून्य छापा, पण ठळक टाइपात.